वर्ना नुसतं ऐकायला बसते

आमच्या वर्नावहिनीने एकदा कुणाला डोक्यात ठेवलं, की तो मेला तरी सुटका नाही. हार्लोच्या दुकानातून तिला एकदा खवट बेकन मिळालं. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. पुढे हार्लो गेला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, दुकानाची पाटीसुद्धा बदलली. पण ही बया अजून तिथून काडेपेटी घ्यायची नाही. बर्फात गाडी काढून दुसऱ्या गावी जाईल. मी एकदा म्हटलं, "अगं, माणूस मेला की गं!" तर म्हणते, "मग? तो मेल्याने बेकन ताजं झालं का?"

अशा बाईच्या वाटेला स्टर्जिस गेला. आता भोग म्हणावं.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी वरच्या अंगाला आमचं गाव. नदी, नदीकाठी बुटांचा कारखाना, आणि त्याच्या भोंग्यावर सगळ्या गावाचं उठणं-जेवणं. वर्ना सोळाव्या वर्षी शाळा सोडून तिथे शिलाईला बसली. मऊ चामड्याचे मोकॅसिन बूट असायचे, त्यांचा पुढचा भाग हातानेच शिवावा लागे. दोन सुया, मेण लावलेला दोरा, आणि बोटांना कायमचे चरे. मीही तिथेच होते, आणि माझा भाऊ मर्ल तिथे चामडं कापायचा. तिथेच त्यांचं जमलं. खात्यात साहेबाचा शब्द एकदा चालायचा, वर्नाचा दोनदा. ती म्हणाली "आज खिडकी उघडल्याशिवाय काम नाही," की सगळ्या बायकांच्या सुया खाली. तिला कुणी पुढारी केलेलं नव्हतं. तोंडच तसं होतं तिचं, आणि खोटं बोलायची नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

स्टर्जिस आमचा मॅनेजर. त्या साली पानगळीतच कुजबुज सुरू झाली, कारखाना बंद होणार म्हणून. मर्लला किनाऱ्यावरच्या गोदीत जहाजबांधणीचं काम मिळत होतं. चांगलं, कायमचं काम. त्यांना उत्तर हवं होतं. वर्ना म्हणाली, "थांब, मी सरळ त्यालाच विचारते." वर गेली, विचारलं. स्टर्जिस टेबलामागून उठून तिच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "वर्ना, कुणी कुठे जात नाहीये. वसंतात दुसरी पाळी सुरू करतोय आपण. खाली जाऊन सांग सगळ्यांना." तिने सांगितलं. मर्लने गोदीवाल्यांना नाही कळवलं. आणखी कितीजणांनी काय काय नाकारलं, देव जाणे.

नाताळाच्या तोंडावर आम्ही कामाला गेलो तर फाटकाला साखळी.

मर्ल जंगलात लाकूडतोडीला गेला. कंबर गेली, मग पाय गेला, मग तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीतच बसायला लागला. नऊ वर्षं जगला तसा, पण बायकोशी "मीठ दे" आणि "दार लाव" यापलीकडे बोलला नाही. माझा सख्खा भाऊ, पण सांगते, दगड होता. आणि गावाचं काय विचारता! 'साहेबाची चमची' हे नावच पडलं तिला. चर्चमध्ये शनिवारच्या जेवणाला ती घरून बीन्सचं मोठं भांडं घेऊन जायची. त्या हिवाळ्यात ते भांडं जसंच्या तसं भरलेलं घरी आलं. कुणी चमचासुद्धा बुडवला नाही. पुढच्या शनिवारी परत घेऊन गेली, परत भरलेलं आलं. मग तिने जाणंच सोडलं.

तिला एकच हवं होतं. "म्युरी," ती मला म्हणायची, "त्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकायचंय मला, की त्याला माहीत होतं. बस. मला जे सांगितलं ते जाणूनबुजून सांगितलं, एवढं त्याने बोलावं." पण स्टर्जिस केव्हाच कंपनीच्या मुख्य कचेरीत मोठ्या पदावर गेला होता. गाव बुडवल्याची बढती!

आता कॉलेजचं सांगते. आमच्या इथे पासष्टी ओलांडली, की सरकारी कॉलेजात फुकट बसता येतं. जागा रिकामी असली तर. परीक्षा नाही, मार्क नाहीत, हजेरीच्या यादीत नाव नाही, आणि मास्तरांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी दर हिवाळ्यात जाते. ज्ञानबिन काही नाही हो, तिथला हीटर सरकारी खर्चाने चालतो! पक्ष्यांचा वर्ग केला. रोमन साम्राज्य दोनदा केलं, पहिल्यांदा झोप लागली म्हणून. तर या जानेवारीत फळ्यावरचं वेळापत्रक बघत होते, आणि दिसलं: 'बदल कसा हाताळावा', शिकवणार: स्टर्जिस. निवृत्त होऊन तळ्याकाठी घर बांधलं होतं म्हणे, आणि हौस म्हणून प्राध्यापकी.

मी तशीच वर्नाकडे गेले. ती डोनट तळत होती. नाव ऐकलं आणि कढईखालची शेगडी बंद केली.

"मला बसू देतील?"

"न द्यायला काय झालं? आम्हाला ऑडिटर म्हणतात तिथे. म्हणजे नुसतं ऐकणारे."

"आणि मला वाटलं ऑडिटर म्हणजे हिशेब तपासणारे," ती म्हणाली. "तसं असलं तरी चालेल."

पहिल्या दिवशी ती चांगला कोट घालून आली, दुसऱ्या रांगेत बसली. मी शेजारी. स्टर्जिस आत आला. केस पांढरे, दात नवे. आमच्याकडे बघून म्हणाला, "वा, दोन तरुणीही आल्यात!" पोरं हसली. त्याने तिला ओळखलं नाही. नाव विचारायचा प्रश्नच नव्हता, आम्ही यादीतच नव्हतो.

गुरुवारी त्याने तो धडा शिकवला.

"एक कारखाना होता," तो म्हणाला. "बंद करायचं ऑगस्टमध्येच ठरलं होतं. पण नाताळाची मोठी ऑर्डर पाठवायची होती. कामगारांना सांगितलं तर काय होईल?"

"जातील," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरोबर! सांगितलं की माणसं जातात. मग? मॅनेजरवर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून त्यांच्यातलं एक माणूस शोधायचं, ज्याचं सगळे ऐकतात. आमच्याकडे होती एक शिलाईवाली. नवऱ्याला दुसरीकडे काम मिळत होतं, म्हणून आपणहून विचारायला आली बिचारी. मी सांगितलं, कुणी कुठे जात नाहीये. एका दुपारीत काम फत्ते! एक माणूस हलला नाही. ऑर्डर वेळेवर."

एका मुलीने हात वर केला. "त्या बाईचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय? सगळ्यांचं झालं तेच," असं म्हणून त्याने फळा पुसला.

माझं डोकं सणकलं. उठणार होते मी, पण वर्नाने माझा कोट धरून ठेवला. तिचे कान लालभडक झाले होते, पण नजर फळ्यावर. तास संपेपर्यंत हलली नाही.

गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर दोन बुक्क्या मारल्या तिने. हॉर्न वाजला, एक पोरगा दचकून बाजूला झाला. "मर्लने ऐकायला हवं होतं गं," ती म्हणाली. "नऊ वर्षं मला वाटायचं, त्याचंच खरं. मीच मूर्ख, मला कळायला हवं होतं. आणि हा मेला माझ्यासारखीच हुडकत बसला होता! मी त्याला चांगली सापडले!"

"चल परत," मी म्हटलं. "सगळ्या पोरांसमोर सांगू, ती बाई ही बघ म्हणून."

"सांगितलं तर माफी मागेल. डोळ्यांत पाणीबिणी आणेल, आणि पोरं म्हणतील, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. त्याची माफी घालायचीय काय चुलीत?" मग गाडी सुरू करून म्हणाली, "पण शिकवतो चांगलं हं. मला सगळं समजलं."

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या ऑफिसात डोनट घेऊन गेली. तिथल्या बाईकडून कळलं, की वर्गात दहा पोरं तरी लागतात. नाव काढून घ्यायची शेवटची वेळ पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच. त्यानंतर दहाच्या खाली असतील तर वर्ग रद्द, प्राध्यापकाचा करारही रद्द. आत्ता चौदा होती.

मग तिने वर्गात नीट बघितलं. टेरिन नावाची मुलगी होती, आइस हॉकीच्या संघात गोल राखायची. दांडगी, च्युइंगगम चघळणारी. ती हसली की बाकीचे हसायचे, ती उठली की उठायचे. तिची आजी कारखान्यात आमच्या मर्लच्याच खात्यात होती. मंगळवारी तासानंतर वर्ना तिच्यापुढे डब्बा उघडून बसली.

"ती शिलाईवाली होती ना," वर्ना म्हणाली, "ती मीच."

टेरिनचं चघळणं थांबलं. मग ती स्टर्जिसला उद्देशून जे बोलली ते मी इथे सांगत नाही. वर म्हणाली, "आजी, माझी आजी अजून त्या साखळीबद्दल बोलते. काय करू त्याचं? गाडीची हवा काढू?"

"हवाबिवा नको. चौदाच्या चौदांनी नाव काढायचं. भूगर्भशास्त्राच्या वर्गात जागा आहेत, म्युरीने चौकशी केलीय, नुकसान कुणाचं व्हायचं नाही. पण आज नाही. शुक्रवारी, पाच वाजायला आले की. तोवर एकदम शहाण्यासारखं वागायचं. हात वर करायचे, प्रश्न विचारायचे, हसायचं त्याच्या विनोदांवर."

"विनोदांवरसुद्धा?" टेरिन म्हणाली. "आजी, हे फार होतंय."

गुरुवारी पोरांनी काय कमाल केली! एवढे प्रश्न स्टर्जिसला जन्मात कुणी विचारले नसतील. फुलून गेला होता. तास संपल्यावर कॉफीच्या मशीनपाशी तो आमच्याकडे आला.

"बाई, तुम्ही पोरांमध्ये बसता, तुमच्याशी बोलतात ती. एक विचारू? माझी बायको फ्लोरिडाला निघालीय, थंडी संपेपर्यंत. म्हणते, येतोस की नाही ते आज सांग, नाहीतर बहिणीला घेऊन जाते. यंदाही शिकवत बसलास तर पुढे विचारणार नाही म्हणते." तो हसला, पण खरं नव्हतं ते हसू. "मला शिकवायचंय. इथे मला... बरं वाटतं. पण वर्गच टिकला नाही तर? ही पोरं राहतील ना?"

अगदी गरीब चेहरा झाला होता त्याचा. क्षणभर मलाही कसंसं झालं. मग मला मर्लची खुर्ची आठवली, आणि बरी झाले.

वर्नाने त्याच्या बाहीवर हात ठेवला. "कुणी कुठे जात नाहीये, सर. खुशाल नाही म्हणा बायकोला."

"नक्की?"

"मी सांगते ना."

त्याने तिथेच उभ्याउभ्या फोन लावला.

मी गाडीत तिला विचारलं, "वहिनी, खोटं बोललीस आयुष्यात पहिल्यांदा. कसं वाटतंय?"

"भूक लागलीय," ती म्हणाली. रस्त्यात थांबून मोठी वाटीभर शिंपल्यांचं सूप आणि वर ॲपल-पाय खाल्ला तिने. मला एक घास दिला नाही.

मंगळवारी आम्ही वेळेआधी जाऊन बसलो. स्टर्जिस आला, फळ्यावर तारीख घातली, वळला. रिकाम्या खुर्च्या. घड्याळ बघितलं, दारापर्यंत जाऊन आला. "बर्फामुळे उशीर होत असेल," म्हणाला. आम्ही काही बोललो नाही. आम्ही कशाला बोलू? आम्हाला विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने ऑफिसातली बाई आली. "अहो, तुम्ही मेल वाचली नाहीत का? शुक्रवारी सगळ्यांनी नावं काढली. वर्ग रद्द झालाय."

"सगळ्यांनी? मग या दोघी?"

"त्या ऑडिटर आहेत, सर. त्यांना मोजत नाहीत." ती गेली.

स्टर्जिस हातात खडू घेऊन उभा होता. मग वर्नाकडे वळला. "तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणाले होते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो," वर्ना म्हणाली. "आधीपासून."

"अहो, माझी बायको गेली! मला एका शब्दाने सांगायचं तरी! का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की माणसं जातात, सर."

तो बघत राहिला तिच्याकडे. आधी काही कळलं नाही त्याला. मग त्याची नजर तिच्या हातांवर गेली, बोटांवरच्या चऱ्यांवर, आणि पुन्हा चेहऱ्यावर आली. तोंड उघडं राहिलं. "वर्ना?" तो म्हणाला, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसलाच.

"चला, नाव तरी आठवतंय," ती म्हणाली. कोटाची बटणं काढली, उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "त्या मुलीने त्या दिवशी विचारलं होतं, बाईचं पुढे काय झालं म्हणून. तुम्ही उत्तर चुकवलंत. तास संपायला वेळ आहे अजून."

मी उठून दार लावून घेतलं. वहिनीने मर्लपासून सुरुवात केली.