वेढे मोजणारा वर्गमित्र

मंगरूळपीरला जळालेल्या पाण्याच्या मोटरींचं वाइंडिंग करणारा हा माणूस माझा वर्गमित्र आहे, हे मी कुणाला सांगत नाही. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. डायनॅमिक वेब प्रोग्रामिंगचा ऑनलाइन कोर्स आम्ही दोघं एकाच कॉलेजातून करतो, आणि मार्क त्याला जास्त पडतात.

तांब्याच्या तारेचे वेढे तो मोठ्यानं मोजतो. मध्ये गिऱ्हाईक बोलो की फोन वाजो, तो उत्तर देत नाही. आकडा चुकला की गुंडाळलेली तार उकलावी लागते. कोडमधले कंसही तो असेच बोट ठेवून मोजतो. मी हसायचो.

प्रोजेक्टसाठी मी धड्यातलंच फुलांच्या दुकानाचं पेज उतरवलं. त्यानं स्वतःच्या दुकानाचं पेज केलं; त्यावर मोबाइल नंबर टाकला की आपली मोटर झाली की नाही ते दिसतं. शिरपूरसारख्या लांबच्या गावाहून येणाऱ्या माणसाची फुकटची खेप वाचते.

माझीही मोटर त्याच्याकडेच होती. पेज चुकेल या आशेनं मी नंबर टाकला. ‘झाली, घेऊन जा,’ असं आलं.

गेलो तेव्हा तो मोजत होता.

“भाऊ, तुमचं पेज उघडत नाही,” मी म्हणालो.

तो मोजता मोजता थांबला. तार सोडून, हात पुसून त्यानं मोबाइल काढला. पेज लगेच उघडलं.

“चालून राह्यलं न, सर. तुमचं नेट कमजोर असन.” त्याच्या जिवात जीव आला होता.

मग त्यानं सगळी तार उकलली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला. आता मध्ये बोलून खरं सांगायचीही सोय नव्हती.