खिडकीवर कोण होतं?

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. ऑफिसं निघणार, दहावी झालेल्यांना चिकटवून घेणार, अशी हवा होती. त्यामुळे दुष्काळानं वाळलेलं आमचं गावसुद्धा बोर्डाच्या पेपराला तरतरीत होऊन चाकूरच्या केंद्रावर हजर झालं. शाळेत प्यायला थेंब नव्हता, कॉप्या मात्र घमेल्यानं.

मला गणितात माझ्या जिवावर पास व्हायचं होतं, एवढंच. वर्षभर गोवऱ्या थापताना सूत्रं घोकली होती. आणि आता खिडकीच्या गजांतून घामट, तंबाखूच्या वासाचे हात आत येत होते. मागच्या पोराचा मामा गजाला लोंबकळून प्रमेय सांगत होता, तेही चुकीचं, आणि मधूनच पचकन थुंकत होता. एक पिंक माझ्या बाकाच्या पायाशी पडली. दाराशी पर्यवेक्षक दात कोरत बसले होते.

"काय पोरी, तुझ्याकडं कोनी आलं न्हाई का?" त्यांनी चक्क माझी कीव केली.

मला शिसारी आली. वेणीची रिबीन सोडली, दातांनी तोडली आणि दोन्ही कानांत बोळे कोंबले. मग पेपरातून मान वर केली नाही.

बाबा खरंच आले नव्हते. ते गावात टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभे होते. आमच्याकडे ज्याच्या लेकराच्या खिडकीवर कुणी नसे, त्या बापाला लोक नावं ठेवायचे. पोटच्या पोराचं काही पडलेलं नाही म्हणायचे.

मी पास झाले. गणितात तर वर्गात पहिली. बाबांनी पारावर गूळ वाटला, माझ्याही हातावर खडा ठेवला.

"पोरगी गनितात निघाली म्हंजी कमालच हाय," एक म्हातारा म्हणाला. "खिडकीवर कोन होतं हिच्या?"

मी तोंडातला गूळ गालात सारून बोलणार, तेवढ्यात बाबा छाती काढून म्हणाले, "दुसरं कोन ऱ्हानार? मीच होतो की. समदं गनित मीच पुरवलं."

बाबा कागदावर अंगठा उठवायचे. हे अख्ख्या पाराला ठाऊक होतं. तरी माना डोलल्या. पोरीनं स्वतः सोडवलं असेल, यापेक्षा हे त्यांना जास्त पटलं.

"हाव, बाप असावा तर असा," म्हातारा म्हणाला.

बाबा माझ्याकडे बघून हसले. मी गूळ तिथंच पारावर थुंकला.