वाटीखालचा फासा

परुळेकर सर फासा टाकत, लगेच त्यावर स्टीलची वाटी पालथी घालत आणि तिची कड किंचित उचलून आकडा एकट्यानेच पाहत. मग समोरच्याला विचारत, "बोल, आता तू काय करतलंस?"

करी रोडच्या टॉवरमधल्या त्यांच्या घरी दर रविवारी आम्ही सहाजण जमत असू. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, सरांनी गोष्ट पुढे न्यायची आणि पात्र जगते की मरते ते फाशाने ठरवायचे, असा तो खेळ. पुढे त्यात दोन तट पडले. फासेवाले दादरला बसू लागले, गोष्टवाले परळला. एकमेकांच्या घरचा चहाही त्यांना चालेनासा झाला.

सरांच्या शोकसभेतही ते दोन वेगळ्या रांगांत बसले. फासेवाल्यांचा पुढारी म्हणाला, "सरांनी आकडा कधी बदलला नाही." मागच्या गोष्टवाल्यांच्या रांगेतून टोमणा आला, "आकडा बघायचाच कोण? सर फासा नुसता वाजवायचे रे!" फूट काळाच्या ओघात पडली, यावर मात्र दोघांचे एकमत.

तिन्ही विधाने खोटी आहेत. सरांच्या डाव्या हाताला मी बसत असे; खेळात माझे पात्र नावाड्याचे. सर फासा मानत. फक्त कुणाचे पात्र मरणार असेल, तर तेवढा आकडा बदलून सांगत. एकदा मी त्यांना एकांतात जाब विचारला. विधुर माणूस; वाटी पुसत म्हणाले, "अरे, मेललो माणूस फुडच्या रविवारी येना नाय."

गिरणीत कापड तपासण्यात माझे आयुष्य गेले. चूक झाकणे मला मानवत नाही. पुढच्याच रविवारी सर कुणाला तरी "वाचलंस" म्हणाले आणि मी सर्वांदेखत वाटी उचलली. फाशावर एक होता. एक म्हणजे मरण. त्या दुपारी जे भांडण पेटले, त्यातून दोन्ही तट निघाले. काळाचा त्यात काही संबंध नाही. मी अभिमानाने कुठल्याच तटात गेलो नाही, सरांकडेही नाही.

वर्षाने त्यांचा फोन आला. "तुझो नावाडी अजून पुरात उभो आसा. येतलंस मा?"

गेलो. टेबलाभोवती सहाही खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. माझा नावाडी होडी लोटू लागला. सरांनी फासा टाकला, वाटी घातली, कड उचलून बराच वेळ पाहत राहिले.

"वाचलंस," ते म्हणाले. "फुडच्या रविवारी ये."

वाटी माझ्या हाताशीच होती. मी ती उचलली नाही.