नामदेवच्या कागदावरचा ‘अरेस्टेड’

“साहेब, नामदेवले पोलिसांनी कधी पकडलं?”

शाळा समितीच्या सचिवांनी सर्टिफिकेट माझ्यापुढे धरलं होतं. देवळीजवळचं एक गाव. नामदेव दाराबाहेर उभा होता, आत यायची त्याला मनाई होती. तो या शाळेचा चपराशी. बारा वर्षं घंटा त्यानेच दिली, पोरांचं प्यायचं पाणीही त्यानेच भरलं.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. सायकलने गावोगाव फिरायचं, लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे, गोळ्या वाटायच्या, रजिस्टर लिहायचं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए., तेही इंग्रजी घेऊन. म्हणून युनिटमधली सगळी सर्टिफिकेटं मी लिहायचो, डॉक्टर फक्त सही करायचे.

नामदेवने सहा वर्षं एकही खाडा न करता गोळ्या घेतल्या होत्या. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन रस काचपट्टीवर घेतात आणि मायक्रोस्कोपखाली जंतू शोधतात. त्याच्या पट्टीवर दोन वर्षांपासून जंतू सापडत नव्हता. रोगाचं कळल्यावर समितीने त्याला घरी बसवलं आणि सांगितलं, बरा झाल्याचा कागद आण आणि कामावर ये. मी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘डिसीज अरेस्टेड’.

आमच्या कामात तेव्हा दोन शब्द होते. क्युअर्ड म्हणजे रोग मुळासकट गेला. अरेस्टेड म्हणजे रोग जागीच थांबला, पुढे सरकत नाही. या रोगात क्युअर्ड लिहायचं नाही, हा आमच्या डॉक्टरांचा दंडक.

“पोलीस नाई हो भाऊ,” मी म्हणालो. “अरेस्टेड म्हणजे थांबला. रोग थांबला.”

“मंग गेला असं काऊन नाई लिहिलं?”

“तसं लिहीत नाहीत.”

“म्हंजे अंगातच हाय ना? चोर हवालातीत बसला, तं एक दिवस सुटून येतेच का नाई?”

“अन् सुटला का पह्यले पाण्याच्या रांजनाकडंच जाईन!” मागून एक मेंबर बोलला. सगळे हसले. बाहेर नामदेवलाही ऐकू गेलं असणार.

 त्या शब्दाचा अर्थ सचिवांनी अगदी बरोबर लावला होता.

“त्याच्यापासून कोनाले लागत नाई,” मी शेवटी म्हणालो.

“हे कागदावर कुठं हाय?”

कुठेच नव्हतं.

सायकल हाणत वर्ध्याला डॉक्टरांकडे आलो. “सर, क्युअर्ड लिहू या.”

“उद्या रोग उलटला तर? मी खोटं लिहिणार नाही.”

“मग नॉन-इन्फेक्शियस तरी? दुसऱ्याला न लागणारा?”

“ते खरंच आहे. लिहा की. आधीच का नाही लिहिलंत?”

सही झाली. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन पोचलो, तर घंटेपाशी नवीनच माणूस उभा. सचिव म्हणाले, “आता कायले आनला, साहेब? त्याले काढाचा ठराव तं कालच झाला.”

काही वर्षांनी नव्या गोळ्या आल्या. जुन्या पेशंटांना पुन्हा तपासून रजिस्टरवरून कमी केलं. त्यांच्यासाठी छापील कागद होता, ‘रिलीज्ड’. नामदेवचा कागद द्यायला गेलो. तो पुतण्याच्या शेतात पाखरं हाकत होता.

“काय लिहिलं, साहेब?”

“सुटलात, असं लिहिलंय नामदेवभाऊ.”

त्याने कागदाची घडी घातली. करंगळी वाकडी होती, त्यामुळे घडीही वाकडीच पडली.

“सुटलो तं सुटलो. पन मले पकडलं कायले होतं, हे कोनी लिहूनच नाई देल्लं.”

त्या ठरावानंतर मी प्रत्येक सर्टिफिकेटखाली मराठीत एक ओळ लिहीत आलो : याच्यापासून कोणालाही रोग लागत नाही. या ओळीला बी.ए. लागत नाही. नामदेवच्या पहिल्या कागदावर सहीच्या वर चार बोटं जागा कोरी होती.