कंचा देश?

‘देशहित’ हा शब्द ऐकून तुम्ही शेवटची टाळी कधी वाजवलीत, आणि वाजवताना तो देश कुठला, हे विचारलं होतंत का?

मी ती टाळी दौंडला ऐकली. परराष्ट्र खात्यात उभी हयात काढलेले एक निवृत्त साहेब ‘बदलत्या जगात भारताचं हित’ यावर बोलायला आले होते. माझे वडील चळवळीची पत्रकं वाटायचे आणि मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली, त्यामुळे असल्या व्याख्यानांना मी दात-ओठ खातच जाते. त्या दिवशी माझे चुलते, आप्पा, सोबत होते. त्यांचा लाल कांदा काढून इनामगावच्या रानात ढीग लावून पडला होता. निर्यातबंदी आली तशी व्यापाऱ्यानं शिक्रापुरातनंच ट्रक माघारी वळवला. लाल कांदा टिकत नाही. कोंब फुटतात, मग पाणी सुटतं. बंदी कधी उठणार, एवढंच आप्पांना साहेबांना विचारायचं होतं.

साहेब गोड बोलले. राष्ट्रं भावनेवर चालत नाहीत म्हणाले. कांदा बंदरावर अडवला तो इथली महागाई रोखायला. काही मित्रदेशांना मात्र थोडा सोडला, कारण अडचणीत दिलेला कांदा उद्या वाटाघाटीला बसताना कामी येतो. “थोडक्यात, देशाचं हित!”

टाळ्या. सगळ्यांत जोरात आप्पांची. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. टाळ्या थांबल्यावर ते उठले.

“साहेब, देशाचं हित बघितलं म्हंता, लई बरं केलं. मग देशावरचा कांदा कवा सोडताय?”

“देशावरचा म्हणजे?”

“म्हंजी आमचा. आमी पयलं मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो. माघारी फिरलो की म्हणायचं, चला देशावर. ह्योच की देश. शिरूर, दौंड, हिकडलं समदं.”

सभागृहात हशा फुटला. मागून एकजण ओरडला, “आबा, पासपोर्ट काढा आता!” साहेबही हसले. चष्मा पुसत म्हणाले, “आजोबा, मी भारत देशाबद्दल बोलतोय.”

“व्हय, पर त्यात आमी न्हाई का?”

आप्पा टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच कळेना झालं होतं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

हसलात ना सगळे? आता ऐका. साहेबांचा शब्द न् शब्द खरा असेल. शहरात भाजी स्वस्त झाली असेल, कुठल्यातरी राजधानीत हस्तांदोलन झालं असेल. पण मैत्री सरकारची आणि कांदा आप्पांचा! दुसऱ्याच्या ढिगातनं उचलून दानशूर होणाऱ्याला आमच्या गावात काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही. आणि आपला कांदा अडल्यामुळं शेजारच्या देशात जी बाई कांद्याशिवाय फोडणी देत होती, तिच्याकडं कुणी बघितलं? तिला तिच्या सरकारनं तिकडचं देशहित ऐकवलं असेल. साहेबांच्या नकाशात तीही नव्हती आणि आप्पाही नव्हते.

बंदी उठायच्या आधीच ढिगाला पाणी सुटलं. उग्र वास पार रस्त्यापर्यंत यायला लागला, तेव्हा आप्पांनी भावकीतल्या एकाची मेंढरं बोलावली. निवडून बाजूला काढलेला बरा कांदाही मेंढरं कोंबांसकट खात सुटली. आप्पा बांधावर बसून बघत होते.

“घे,” ते मला म्हणाले, “देशातल्या देशात खपला.”



तेव्हा एक करा. पुढच्या वेळी व्यासपीठावरून कुणी देशहित म्हणालं, की टाळीसाठी उचललेला हात तसाच वर धरा. उभं राहा आणि आप्पांच्याच बोलीत विचारा, “कंचा देश? त्यात आमी न्हाई का?” लोक हसतील. हसू द्या. उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू नका.