विहिरीतला जळता कंदील

पिंपरी पेंढारच्या स्नेहलने केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, तेव्हा गावाने परस्पर ठरवून टाकलं की पोरगी फवारणीची औषधं बनवायला शिकतेय. तिनेही कुणाची समजूत घालत बसायचं टाळलं. तिच्या डोक्यात घरची विहीर होती.

ती शाळेत असताना चुलता भिमाजी त्या विहिरीत गेला. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं, म्हणून वडिलांनी, गोरखने, रॉकेलवरचं इंजिन आतल्या टप्प्यावर उतरवून सुरू केलं होतं. ते मध्येच बंद पडलं. बघायला उतरण्याआधी रिवाजाप्रमाणे कंदील सोडला. विझला तर आसरांची, पाण्यातल्या देवतांची, मनाई, जळत राहिला तर त्यांनी वाट दिली. कंदील छान जळत होता. भिमाजी उतरला, आणि वर आलं ते प्रेत. गाल मात्र गुलाबी. आजी सारजाबाई त्याला उचलूच देईना. "झोपलाय त्यो," एवढंच म्हणायची. आसरांनी कुंकू लावून नेला, असं गाव कुजबुजलं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सर कार्बन मोनॉक्साइड शिकवत होते. रंग नाही, वास नाही. माणूस मरतो, पण दिवा विझत नाही. मेलेल्याची कातडी गुलाबी दिसते. पोरं भराभर लिहून घेत होती. स्नेहलने वहीतल्या 'गुलाबी' या शब्दाखाली रेघ ओढली.

त्याच उन्हाळ्यात, २००३ साली, ती सुट्टीला घरी आली. मळ्यात पोचली तर विहिरीतलं इंजिन नुकतंच बंद पडलेलं, आणि गोरख कंबरेला दोर बांधत होता. खाली कंदील संथ जळत होता.

"आप्पा, उतरू नका."

"अगं, दिवा जळतोय न्हवं. आसरांनी वाट दिलीया."

तिने दोर धरला तो सोडलाच नाही. पाटीत कोंबडी बांधून कंदिलाशेजारी सोडायला लावली. थोडा वेळ फडफड ऐकू आली, मग तीही थांबली. दोन्ही वर ओढली तेव्हा कोंबडीची मान लोंबत होती, आणि कंदील जळतच होता. गोरख खाली बसून कंबरेचा दोर सोडू लागला.

"इंजिनाच्या धुरात विषारी गॅस असतो," स्नेहल म्हणाली. "त्यानं दिवा विझत नाय."

सारजाबाई विहिरीकाठच्या थारोळ्यापाशी, पाण्याच्या हौदाशी, उभी होती. "मंग माझ्या भिमाजीला कुणी नेलं गं?"

गोरखने मान वर केली. त्या दिवशी इंजिन त्यानेच सुरू केलं होतं. जे कळावं म्हणून स्नेहल शिकायला गेली, ते उत्तर आता तिच्या जिभेवर होतं. तिला वडिलांकडे बघवेना.

"आसरांनीच, आजी," ती म्हणाली.

आजीने विहिरीला हात जोडले. गोरखने जोडले नाहीत. तो कंदिलाकडे बघत बसला, आणि कंदील विझवायला कुणाचाच हात पुढे होईना.