तात्यांची बारा पावलं

आज मंगळवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. वही आणि टेप घेऊन मी गावच्या मारुतीच्या देवळापाशी उभा होतो. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात पाणी सोडायचं काम मला महिन्यापूर्वी मिळालं. वरच्या आळीचा व्हॉल्व्ह रस्त्याच्या मुरमाखाली गाडला गेलाय आणि तीन दिवस तिथे पाणी नाही.

हेच काम तीस वर्षं केलेल्या बाबूतात्यांना बोलावलं. ते म्हणाले, "देवळाच्या पायरीपासनं सरळ बारा पावलं."

मी मोजून खणलं. काहीच लागलं नाही. मग तात्या स्वतः चालले, तर ते माझ्याही अलीकडे थांबले.

"गुडघं गेलं रं. ती पावलं तवाची. आन् तू लय जपून चालतूयास. बायका घागरी घिऊन शिव्या देत्यात, असं समजून चाल."

तसा चाललो, तिथे खणलं. पहार व्हॉल्व्हच्या झाकणावर वाजली.

टेपने मोजून वहीत तेहेतीस फूट लिहिलं. शेजारी 'तात्यांची घाईची बारा पावलं' असंही लिहिलं.

"फूट लिवलंस न्हवं, बास की," तात्या हसले. मग वहीकडे बघत म्हणाले, "गावातलं बाकीचं सतरा व्हॉल्व्ह कवा लिवायचं?"

उद्या सहाला पुन्हा जातोय. तुमच्या गावात पाणी सोडणाऱ्याला व्हॉल्व्ह कुठे कुठे आहेत ते कुणी विचारून ठेवलंय का?